सोबत कोणाला न्यावे? : विनिमय-अभ्यागत व्हिसा आणि आश्रित कुटुंबीय

(एक वैद्यबंधू, मोहाडी, जि. भंडारा)



भंडारा आणि तुमसर यांच्या मध्ये वसलेले मोहाडी हे आमचे तालुक्याचे गाव. भोवती धानाची शेती, गावात चौंडेश्वरी मातेचे देऊळ आणि शेजारी आंधळगावात कोशाचे विणकर. येथे गेली अठरा वर्षे मी चिकित्साव्यवसाय करीत आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात माझ्या पत्नीला अमेरिकेतील एका विद्यापीठाचे निमंत्रणपत्र आले. ती औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका असून वनस्पतिज द्रव्यांच्या प्रमाणीकरणावर तिचे संशोधन आहे. एक वर्षासाठी ‘संशोधक अभ्यासक’ म्हणून यावे, पती व अपत्य यांना सोबत आणावयाचे असल्यास त्यांचीही माहिती कळवावी, असे त्या पत्रात होते.

गावात वार्ता पसरण्यास एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी आंधळगावचे एक वृद्ध विणकर, माझे जुने संधिवाताचे रुग्ण, नाडी पाहण्यासाठी हात पुढे करता करता म्हणाले, “बाई चालल्या म्हणते अमेरिकेले. मंग तुमी बी चाल्ले का जी?” मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न त्यानंतर चार महिने माझ्या उशाशी होता. दवाखाना होता, चौदा वर्षांची कन्या होती आणि घरी चौऱ्याहत्तर वर्षांची आई होती.

अलीकडे आपल्या व्यवसायातील अनेकांना, अथवा त्यांच्या पती-पत्नींना, अशी निमंत्रणे येऊ लागली आहेत. निमंत्रणाच्या आनंदात कुटुंबाचा विचार आपण शेवटी करतो आणि तेथेच चूक होते. कुटुंब सोबत नेणे ही तिकिटांची बाब नव्हे. तो निदान करून घ्यावयाचा निर्णय आहे, हे अनुभवाने कळले. तेच आपणांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न.

एक जुने उदाहरण

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा होते. पती गोपाळराव टपाल खात्यातील नोकरीमुळे मागे राहिले. जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला पोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखा आश्रय दिला. पुढे फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, ही गोष्ट आपण वैद्यांनी तरी विसरू नये.

त्या काळी हिंदुस्थानातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. आनंदीबाई एकट्या गेल्या त्या पैशाच्या, नोकरीच्या आणि समाजाच्या अडचणींमुळे; एखाद्या कचेरीच्या नकारामुळे नव्हे. गोपाळराव नंतर तेथे पोचले आणि पदवीदानाच्या वेळी उपस्थित होते. परंतु परक्या हवेतील, परक्या आहारातील ती वर्षे आनंदीबाईंनी बहुतांशी जवळच्या माणसावाचून काढली. प्रकृती ढासळत गेली. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आली.

कुटुंब जवळ असते तर क्षय टळला असता, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. तथापि देश बदलला की सात्म्य बदलते, आणि त्या बदलात उपस्थाता जवळ असणे हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक पाद आहे, हे चरकसंहिता वाचलेल्या कोणाही वैद्यास सांगावे लागत नाही. आजच्या काळात वाट मोकळी आहे. मात्र त्या वाटेवर नियमांची फाटके आहेत.

हा व्हिसा म्हणजे काय?

अमेरिकेत १९६१ साली ‘परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमय कायदा’ झाला. विनिमय-अभ्यागत कार्यक्रम, म्हणजेच ‘जे’ वर्गाचा व्हिसा, त्या आधारावर चालतो. त्यात प्राध्यापक, संशोधक अभ्यासक, अल्पकालीन अभ्यासक, विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, चिकित्सक असे अनेक उपवर्ग आहेत. मुख्य व्यक्तीस जे-१ आणि तिच्या आश्रितांस जे-२ व्हिसा मिळतो. आपल्याकडील अनेकांना परिचित असलेली फुलब्राइट शिष्यवृत्तीही याच वर्गात मोडते.

उपवर्ग कोणता, हे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्यावे. संशोधक अभ्यासकास कमाल पाच वर्षे राहता येते. अल्पकालीन अभ्यासकास कमाल सहा महिने. येथे एक बारकावा आहे. संशोधक अभ्यासकाचा कार्यक्रम एकदा संपला की पुढील २४ महिने त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. हे बंधन जे-२ वर राहिलेल्या जोडीदारासही लागू पडते. म्हणजे पत्नीसोबत आश्रित म्हणून गेलेल्या वैद्यास पुढच्याच वर्षी स्वतःला संशोधनाचे निमंत्रण आले, तर ते या वर्गातून स्वीकारता येणार नाही. पती-पत्नी दोघेही संशोधन करीत असतील तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या पदवीविषयी. चिकित्सक या उपवर्गातून रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी जाण्यास तेथील परकीय वैद्यकीय पदवीधरांसाठीचे प्रमाणपत्र लागते. बी.ए.एम.एस. पदवीधरास तो मार्ग खुला नाही. आपल्याला जाता येते ते संशोधन, अध्यापन वा अध्ययन यांसाठी, रुग्णचिकित्सेसाठी नव्हे. दलालांनी याविषयी काहीही सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

आश्रित कोण आणि कोण नाही

जे-२ व्हिसा फक्त पती अथवा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्ये यांनाच मिळतो. आईवडील, सासूसासरे, विधवा बहीण, सांभाळलेला पुतण्या हे आपल्या दृष्टीने कुटुंबच. त्या कायद्याच्या दृष्टीने नव्हे. मुलगा एकविसावे वर्ष पूर्ण करील त्या दिवशी त्याचे जे-२ स्थान संपते. सुट्टीत काम करणारे विद्यार्थी, शिबिरांचे समुपदेशक, घरगुती बालसंगोपनासाठी जाणाऱ्या मुली अशा काही उपवर्गांत आश्रित नेताच येत नाहीत.

माझ्या आईला हे समजावून सांगण्याचा प्रसंग आला तेव्हा मला शब्द सापडेनात. जिच्या आश्रयाने आम्ही वाढलो, ती आमची आश्रित ठरत नव्हती. आणि अठरा वर्षे स्वतःच्या कमाईवर घर चालविणारा मी मात्र कागदावर आश्रित होणार होतो. आई शांतपणे म्हणाली, “मले नेता येत नाही तं नाही. पण पोरीले एकटी नको सोडू.” तिने ‘पोरीले’ म्हटले ते नातीला की सुनेला, हे मी विचारले नाही.

वृद्ध आईवडिलांना न्यावयाचे तर पर्यटक-अभ्यागताच्या व्हिसासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यावर एका वेळी सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. तो मिळेलच याची शाश्वती नसते आणि वयोवृद्धांचा तेथील विमा महाग पडतो. जुनाट व्याधी असलेल्या वृद्धांना केवळ भावनेपोटी नेण्यापूर्वी आपणच वैद्य म्हणून त्यांची परीक्षा करावी.

कागदपत्रे : नावांचा घोळ

या कार्यक्रमाचा मूळ कागद म्हणजे डीएस-२०१९ नावाचे प्रमाणपत्र. ते निमंत्रण देणारी संस्था देते. जे-१ व्यक्तीचे एक आणि प्रत्येक आश्रिताचे वेगळे, असे आमच्या घरी तीन कागद यावयाचे होते. त्यासाठी संस्थेला सर्वांच्या पारपत्रांच्या प्रती, विवाहाचा व जन्माचा दाखला आणि प्रत्येक माणसामागे पुरेसा पैसा असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आश्रितामागे किती रक्कम दाखवावयाची, हे संस्था ठरविते. विद्यापीठाचे मानधन एका माणसास पुरेल इतकेच असेल तर उरलेली रक्कम स्वतःच्या ठेवींतून दाखवावी लागते.

येथे आमच्या हातून मोठी चूक घडली. पत्नीच्या पदव्या व शोधनिबंध माहेरच्या नावाने. पारपत्र सासरच्या नावाने. तिने निमंत्रणाच्या पत्रव्यवहारात सवयीने माहेरचे नाव लिहिले आणि प्रमाणपत्र त्याच नावाने आले. पारपत्राशी नाव जुळेना. दुरुस्तीत तीन आठवडे गेले आणि मुलाखतीची मिळालेली तारीख हातची गेली. दोष सर्वस्वी आमचा होता. लग्नानंतर नाव बदलण्याची आपली रीत, वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये लावण्याची रीत आणि आडनावाची रोमन लिपीतील दोन-दोन रूपे यांमुळे मराठी कुटुंबांच्या बाबतीत हे वारंवार घडते. पहिले पत्र लिहिण्यापूर्वीच सर्वांची पारपत्रे समोर ठेवावीत आणि त्यातील अक्षर न् अक्षर उतरवावे.

विवाहाच्या दाखल्याचीही तीच कथा. आमचा विवाह २००६ सालचा. लग्नपत्रिका होती, छायाचित्रे होती, नोंदणी नव्हती. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी उशिराही करता येते. अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही हवी होती आणि आमचे गुरुजी केव्हाच दिवंगत झाले होते. प्रतिज्ञापत्र आणि साक्षीदार यांवर काम भागले. कन्येच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना कोराच राहिला होता, हे पारपत्र काढताना लक्षात आले होते; तो त्याच वेळी भरून घेतला म्हणून बरे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी परदेशाचा विचार नसला तरी हा रकाना आजच पाहावा.

प्रमाणपत्रे आल्यावर ‘सेव्हिस’ या नोंदणी-प्रणालीचे शुल्क भरावे लागते. जे-१ व्यक्तीसाठी ते २२० डॉलर आहे. जे-२ आश्रितांना वेगळे सेव्हिस शुल्क नाही. व्हिसा-अर्ज मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असतो आणि जून २०२३ पासून त्याचे शुल्क माणशी १८५ डॉलर झाले आहे. शुल्के व रीती बदलत असतात. भरण्याच्या दिवशी अधिकृत दर पाहावा.

मुंबईची वारी

महाराष्ट्रातील अर्जदारांची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होते. ही कचेरी २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आम्ही भंडारा रोड स्थानकावर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. एक दिवस बोटांचे ठसे व छायाचित्र यांसाठी, दुसरा मुलाखतीसाठी.

अधिकाऱ्याने पत्नीला तिच्या कामाविषयी दोन प्रश्न विचारले. मग माझ्याकडे वळून विचारले, “तुम्ही काय करता?” मी उत्तरलो, “आयुर्वेदाचा वैद्य आहे. गावात दवाखाना आहे.” “मग वर्षभर तो कोण पाहील?” हाच प्रश्न विणकरबाबांनी वेगळ्या शब्दांत विचारला होता. मी खरे ते सांगितले, की वर्षभर राहण्याचा माझा विचार नाही. दहा आठवडे जाईन आणि परत येईन, कारण आई आणि रुग्ण येथे आहेत. तिघांचेही व्हिसा मंजूर झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या व्हिसासाठी आपण मायदेशी परतणार आहोत, हे पटवून द्यावे लागते. घर, शेती, दवाखाना, औषधालय, वृद्ध मातापिता हीच त्याची प्रमाणे. ती लपविण्याची नव्हे, सांगण्याची गोष्ट आहे. दुसरे असे की, आश्रितांनी मुख्य व्यक्तीबरोबरच जावे असे बंधन नाही. ते नंतर जाऊ शकतात, आधी परतू शकतात. मात्र जे-१ व्यक्तीच्या आधी जाऊन राहता येत नाही आणि तिचा कार्यक्रम संपल्यावर मागे थांबता येत नाही. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी ३० दिवसांपर्यंत प्रवेश मिळतो आणि संपल्यावर आवराआवरीसाठी ३० दिवसांची मुभा असते. त्या मुभेत काम करता येत नाही.

वैद्य तेथे आश्रित असतो तेव्हा

पत्नी व कन्या ऑगस्ट २०२४ मध्ये गेल्या. मी दिवाळीनंतर पोचलो. कन्येला सकाळी शाळेच्या बसपर्यंत सोडणे, स्वयंपाक करणे, दुपारी ग्रंथालयात बसणे आणि रात्री मोहाडीला दूरध्वनी करणे, असा माझा दिनक्रम होता. घरात बसून राहणे पुरुषाला अवघड जाते ते कमाई थांबल्यामुळे नव्हे; आपल्याला कोणी विचारीत नाही म्हणून, हे मला तेथे उमगले. आपल्या असंख्य भगिनी पतीच्या बदलीमागे गावोगाव फिरल्या, त्यांनी हे आयुष्यभर सोसले आहे.

जे-२ व्यक्तीला तेथे अध्ययन करता येते. कामही करता येते, परंतु त्यासाठी तेथे पोचल्यावर अर्ज करून परवाना मिळवावा लागतो. त्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या कमाईवर जे-१ व्यक्तीचा निर्वाह अवलंबून असू नये, अशी अट आहे. आणि कामाचा परवाना म्हणजे वैद्यकीचा परवाना नव्हे. डॉ. वसंत लाड यांनी न्यू मेक्सिकोत १९८४ साली आयुर्वेदाची संस्था स्थापन केली, तेव्हापासून तेथे आपल्या शास्त्राचा मोठा प्रसार झाला. तरीही आयुर्वेदीय चिकित्सकास वैद्य म्हणून राज्याचा परवाना देण्याची व्यवस्था तेथे नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी परवाना नसलेल्या पूरक चिकित्सकांना मर्यादित मुभा दिली आहे. कॅलिफोर्नियाचा तो कायदा २००३ पासून अमलात आहे. तोही रुग्णास लेखी माहिती देण्यासारख्या अटींनी बांधलेला आहे.

मराठी माणसे जमली की “वैद्यराज, जरा नाडी पाहता का?” हा आग्रह होतोच. कोणी पाकीटही पुढे करतो. कामाचा परवाना नसताना ते घेणे म्हणजे स्वतःबरोबर पत्नी आणि कन्येचेही तेथील स्थान धोक्यात घालणे होय. मी हात जोडून नकार देत असे. एकदाच अपवाद करावा लागला. तो प्रसंग पुढे सांगतो.

विमा, लसी आणि औषधांची पेटी

जे-१ व जे-२ दोघांनाही संपूर्ण काळ आरोग्यविमा अनिवार्य आहे. प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान एक लाख डॉलर, मृतदेह मायदेशी पाठविण्यासाठी २५,००० डॉलर आणि रुग्णास हलविण्यासाठी ५०,००० डॉलर इतके संरक्षण लागते. रुग्णाने स्वतः सोसावयाची रक्कम एका आजारास ५०० डॉलरपेक्षा अधिक असू नये. विमा मुद्दाम न ठेवल्यास कार्यक्रमच रद्द होऊ शकतो. पूर्वीपासून असलेल्या व्याधींसाठी विमा कंपनी काही काळ थांबावयास लावू शकते. म्हणून मधुमेही वा हृद्रोगी जोडीदारास नेताना योजनेचे कलम वाचावे. मुलांना शाळेत घेण्यापूर्वी लसीकरणाची नोंद मागतात. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात गालफुगी व कांजिण्या यांच्या लसी नाहीत. तेथील शाळा त्या मागतात. त्या येथेच घेऊन लेखी नोंद न्यावी. बी.सी.जी. घेतलेल्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी होकारार्थी येऊ शकते, हेही पालकांना आधी सांगावे.

आता औषधालय-चालक मित्रांसाठी. वर्षभराची औषधे बांधून द्या, अशी मागणी घेऊन परदेशी निघालेली कुटुंबे आपल्याकडे येतात. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे त्यात होते. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात संगणकमहाजालावरून मागविलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात तेच आढळले. आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी अनिवार्य केली, ती या पार्श्वभूमीवर. शास्त्रोक्त शोधन-मारण आणि दूषित कच्चा माल यांतील भेद आपण जाणतो. विमानतळावरील अधिकारी किंवा तेथील रक्ततपासणी तो भेद करीत नाही.

आता तो अपवाद. परिचितांच्या घरी आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना कित्येक दिवस पोटशूळ, मलावष्टंभ आणि पांडुता होती. ते रोज घेत असलेल्या गोळ्यांची बाटली मी पाहावयास मागितली. तिच्यावर ना कल्पाचे नाव, ना घटक, ना परवाना क्रमांक. विदर्भातील एका औषधालयातून ती आणली होती, एवढेच त्यांना ठाऊक होते. मी उपचार केले नाहीत. गोळ्या थांबवून बाटलीसह तेथील डॉक्टरांकडे जाण्यास आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घेण्यास सांगितले. तपासणीत शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले. ते पुढे बरे झाले. परंतु त्या घरात आयुर्वेदाचे नाव काढण्याची माझी छाती झाली नाही.

म्हणून आग्रहाची विनंती अशी की, परदेशी निघालेल्या कुटुंबास सुटी चूर्णे, पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या देऊ नयेत. मोहरबंद, घटक व परवाना क्रमांक असलेली, तपासणी-अहवाल उपलब्ध असलेली उत्पादने द्यावीत, रसकल्प टाळावेत. तेथील प्रशासन वैयक्तिक वापरासाठी साधारणतः तीन महिन्यांपुरताच साठा ग्राह्य धरते. सोबत इंग्रजीत औषधाची यादी आणि वैद्याचे पत्र द्यावे. बिया, मुळे असा कच्चा माल असेल तर तो विमानतळावर घोषित करावा.

परतीची अट

काही जे-१ धारकांना कार्यक्रमानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ती पूर्ण होईपर्यंत नोकरीचा अथवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. शासकीय पैशाने गेलेल्यांना ती लागते, तसेच ज्या कौशल्यांची मायदेशी गरज आहे अशा यादीतील विषयांना ती लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले. फुलब्राइटसारख्या शासकीय निधीच्या कार्यक्रमांना अट कायम आहे. ही अट मुख्य व्यक्तीला लागली की आश्रितांनाही लागते, म्हणून निधी कोणाचा हे कुटुंबातील प्रत्येकास ठाऊक असावे.

आम्ही काय केले

पत्नी व कन्या वर्षभर राहिल्या, मी दहा आठवडे. माझ्या अनुपस्थितीत दवाखाना माझ्याकडे पूर्वी उमेदवारी केलेल्या एका तरुण वैद्याने पाहिला आणि आईजवळ तुमसरहून माझा धाकटा भाऊ सहकुटुंब येऊन राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये घर पुन्हा एकत्र झाले. हा मार्ग सर्वांना योग्य ठरेल असे नाही. ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत, ज्यांच्या घरी शय्याग्रस्त माणूस आहे, ज्यांचे औषधालय एकट्याच्या खांद्यावर आहे, त्यांची प्रकृती वेगळी आणि म्हणून योजनाही वेगळी. रोग एकच असला तरी चिकित्सा रुग्णागणिक बदलते. हा निर्णयही तसाच घ्यावा.

कोण जाणार, किती दिवस, मागे कोणाजवळ कोण राहणार, ही तीन उत्तरे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसमोर बसून ठरवावीत. आमच्या घरी ती उत्तरे आईने दिली, आणि ज्या एकीचे नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर नव्हते तिच्या आधारावर तिघांचा प्रवास झाला.

परतल्यावर विणकरबाबा आले. हात पुढे करीत म्हणाले, “आले का जी?” मी नाडीवर बोटे ठेवली. अठरा वर्षे जे काम मी सवयीने करीत होतो, ते त्या दिवशी मला कोणी दिलेले वाटले.

अस्तु.